पाऊस, गवती चहा आणि कषायाचा डबा

डिचोली, आषाढ

चार वाजले की आमच्या घरात दोन आधणं ठेवावी लागतात. एक आईच्या कषायाचं, म्हणजे मसाल्यांच्या काढ्याचं, दुसरं माझ्या गवती चहाचं. या दिवसांत तर मी सकाळपासून या वेळेची वाट बघते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल आलेली, कपाट उघडलं की कुबट वास. अशात मागच्या दारी जाऊन, एका हातात छत्री सांभाळत चार पाती कापून आणायच्या, यात मला फार सुख वाटतं.

पात धारदार असते, हात उलटा फिरला तर बोट चिरतं. म्हणून बुडाशी मुठीत धरून कात्रीने कापते आणि धुऊन तिची गाठ मारते. गाठ मारताना पात जागोजागी मोडते आणि तिथूनच वास सुटतो. पाण्याला उकळी आली की ती गाठ आणि आल्याचा ठेचलेला तुकडा टाकायचा, गॅस बंद करायचा आणि वर घट्ट झाकण. हे झाकण विसरायचं नाही. तो वास सिट्राल नावाच्या सुगंधी द्रव्याचा. लिंबाच्या सालीतही तेच असतं आणि वाफेबरोबर ते उडून जातं. उघड्या टोपात खळाखळा उकळलं तर घमघमाट स्वयंपाकघरात आणि कपात नुसतं पिवळं पाणी.

आईच्या कषायाला वेळ लागतो, पण तो मसाल्याचा डबा करतानाच. धणे जास्त, जिरे त्याच्या निम्मे, बडीशेप, चिमूटभर मेथी, मिरी, वेलची. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण धणे खमंग होईपर्यंत जिरे करपतात. जायफळ शेवटी किसून. आज नवा डबा भरला. गूळ मात्र आईला माडाचाच लागतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला, काळा आणि किंचित खारट. गूळ विरघळला की टोप खाली उतरवून मगच दूध घालायचं, नाहीतर ते फाटतं.

फायद्यांबद्दल लोक काय काय सांगतात. मला स्वतःला पटलेलं एवढंच, की यात चहाची पत्ती नाही म्हणजे कॅफिन नाही, त्यामुळे रात्री जेवणानंतर प्यायलं तरी झोप मोडत नाही. आल्याने मळमळ कमी होते. आणि पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी पोटात जात नाही, ते या निमित्ताने जातं. पण झाडपाल्याचं आहे म्हणून कितीही चालतं, हे मला मान्य नाही. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आईच्या डब्यात मी ते घालत नाही. घसा धरला की तिला तुळशीची पानं आणि मिरी.

पणजीला गेले की चर्चसमोरच्या बागेत थोडं बसते. तिला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. त्याने इथल्या औषधी वस्तूंवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. आलं, मिरी, वेलची, जायफळ, सगळं त्यात आहे. लिस्बनहून आलेला शिकलेला माणूस ज्यांच्याविषयी इतक्या आस्थेने विचारत बसला, त्यातल्या कितीतरी वस्तू आईच्या एका डब्यात असतात. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पाऊस आहे तोवर गवती चहाचा ठोंब फोडायला हवा, जुन्याची पात बारीक होत चालली आहे. शेजारच्या वहिनींनी फुटवे मागितलेत. त्यांच्या सासूबाईंना रात्री काहीतरी गरम हवं असतं आणि चहा घेतला की त्या पहाटेपर्यंत जाग्या. उद्या उघडीप मिळाली तर दोन-तीन फुटवे मुळांसकट काढून देईन, वीतभर पाती ठेवून बाकीची छाटून. छाटलेली पातही त्यांनाच देईन, म्हणजे उद्यापासूनच सुरू करता येईल.