काळ्या रंगाखालची चासी : आमची वाटचाल

कोल्हापुरात आम्ही गॅरेज उघडले तेव्हा मारुतीची जिप्सी, महिंद्राची एमएम ५४० जीप आणि लिलावातून आलेल्या लष्करी गाड्या एवढेच फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचे काम हाताला लागत असे. २०१० मध्ये सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाची महिंद्रा थार आली आणि काही वर्षांतच तिच्या जुन्या गाड्या बाजारात फिरू लागल्या, तेव्हापासून सौद्याआधी गाडी तपासून घेणाऱ्यांची रांग लागली. ती वर्षे बरी गेली, त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहायचे आहे ते त्याआधीच्या एका पावसाळ्याविषयी. रस्त्यापलीकडे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे एक गृहस्थ आले होते आणि त्यांच्याकडची प्रत्येक जीप खालून ताज्या काळ्या रंगाने चकचकीत असे. त्यांच्याच दारातली एक जिप्सी किंग आम्ही एका गिऱ्हाइकासाठी पाचशे रुपये घेऊन तपासली. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) सारखे भरले, पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले तरी किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यात, खेळ जाणवला नाही, मोकळ्या मातीत फोर लोचा (चारही चाकांच्या हळू, जोरदार गिअरचा) दांडाही नीट बसला. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे टांगणाऱ्या कड्या, जिथे चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला धरतात तिथला रंग मात्र घाईत खरवडायचा राहून गेला. तीन आठवड्यांनी फोंडा घाटात नेमका तोच भाग सुटला. गाडी हळू चालली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. बॉडी उचलून, गंजलेला तुकडा कापून नवी प्लेट जोडेपर्यंत बासष्ट हजार रुपये लागले. विकणाऱ्यांनी "तपासणारे मिस्त्री तुमचेच होते" एवढे सांगून हात झटकले. तो खर्च आम्ही भरला आणि त्यासाठी कॉम्प्रेसर विकावा लागला. याच मिस्त्रींमुळे सौदे मोडतात, असे आधी सांगत फिरणारे तेच गृहस्थ आता याच मिस्त्रींना काही कळत नाही असे सांगू लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे त्यांना कोणी विचारले नाही. तीन महिने गॅरेजमध्ये पंक्चरखेरीज काम नव्हते.

त्या तीन महिन्यांत दार ठोठावले ते चंदगडकडच्या काजू बागाईतदार अण्णांनी. त्यांना एक जुनी एमएम ५४० घ्यायची होती. ते म्हणाले, "मिस्त्री, ह्या खेपेला रंग खरवडूनच बघा." मोडक्या स्क्रूड्रायव्हरला धार लावून केलेला आमचा टोच्या आणि अर्ध्या किलोची हातोडी घेऊन मी दोन तास गाडीखाली होतो. शाबूत चासी हातोडीला टणटणते आणि गंजलेली बद वाजते, आणि हा फरक एकदा कानात बसला की टॉर्चचीही गरज उरत नाही. चासी टणटणली, पण मागच्या डिफरन्शिअलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे निघाले. ओढ्यातून गाडी काढताना पाणी शिरले होते आणि ते तसेच बेअरिंगपर्यंत फिरले होते. बेअरिंगे, सील, क्लच, प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद धुरीपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे सांधे, आणि चार टायर, अशी बेरीज आम्ही काजूच्या पोत्यावर खडूने मांडली. अण्णांनी ते पोतेच विकणाऱ्यासमोर धरले आणि तेवढी रक्कम मागणीतून कमी करून घेतली. पुढे चंदगड-आजऱ्याकडची निम्मी गिऱ्हाइके त्यांच्या सांगण्यावरून आली.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. दुरुस्तीची बेरीज झाली की तिच्यावर चौथा हिस्सा आणखी धरावा, कारण डिफरन्शिअल उघडल्याशिवाय दातांची झीज दिसत नाही. नवी जिप्सी खासगी ग्राहकांना मिळणे २०१९ मध्ये थांबले, म्हणून तिच्या बॉडीच्या पत्र्याची चौकशी सौद्याआधीच करावी. पंधरा वर्षे होत आलेली गाडी असेल, तर नोंदणी नूतनीकरण आणि हरित कर हाही दुरुस्तीचाच खर्च समजावा. इंजिनाचा आवाज ऐकून भुलणाऱ्यांनी निदान एकदा गाडीखाली आडवे व्हावे, कपडे धुता येतात.

अण्णांची ५४० अजून दर मे महिन्यात ऑइल बदलायला येते. कॉम्प्रेसर आम्ही नवा घेतला. समोरच्या दुकानाचा पसारा आता दुप्पट झाला आहे आणि पावसाळ्याआधी तिथे गाड्यांना रंग लागतो, तेव्हा उन्हात त्याचा वास रस्ता ओलांडून आमच्या गॅरेजमध्ये येतो.