ग्रांफू ते बातल: भरलेल्या थारला मागचे स्प्रिंग कोणते?

मनालीहून स्पितीला जाताना ग्रांफूला लेहचा रस्ता सोडला की दहा किलोमीटरांच्या आत कळतं, मागचे स्प्रिंग कामाचे आहेत की नुसते दिखाऊ. 'दोन इंच लिफ्ट, हेवी ड्युटी, स्पितीला बिनधास्त जा' असं सांगून विकलेले स्प्रिंग छत्रू यायच्या आधीच बंप स्टॉपवर, म्हणजे गाडी पूर्ण दबली की अ‍ॅक्सल जिथे आदळतो त्या रबरी ठोकळ्यावर, धाडधाड आपटायला लागले. पुण्यातून निघताना गाडी ऐटीत उभी होती. पण उंची दिसते आणि भार पेलण्याची ताकद दिसत नाही, त्यामुळे दुकानदार पहिली दाखवून दुसरीचे पैसे लावतो. पुढे जाणाऱ्यांचे तरी पैसे वाचावेत.

फोर बाय फोर चालवता येतं, टायर धड आहेत आणि उंचीवर डोकं दुखलं तर काय करायचं ते माहीत आहे, असं गृहीत धरलंय. गाडी २०२० नंतरची थार, म्हणजे मागे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांबद्दल पुढे लिहिलंय.

आधी हा पट्टा. अटल बोगद्यातून बाहेर पडून कोकसरमार्गे ग्रांफू, मग छत्रू, छोटा दारा, बातल. पन्नासेक किलोमीटर, पण अख्खा दिवस खातो. एखादा मोठा खड्डा स्प्रिंगला मारत नाही. डोक्याएवढे गोल दगड तासन्‌तास संपत नाहीत, त्यात शॉकअप तापतो, आतल्या तेलाला फेस येतो आणि शॉकअपला स्प्रिंग आवरेनासा होतो. मग प्रत्येक उसळीला गाडी खालपर्यंत बसते. नाल्यात पाण्याखालचा दगड दिसत नाही, एक चाक खाली जातं आणि मागचा बहुतेक भार एकाच स्प्रिंगवर येतो. ऊन चढलं की बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून मनालीतून पहाटे अंधारातच निघा. नऊला निघायचं असेल तर हा रस्ता घेऊच नका, शिमल्याकडून किन्नौरमार्गे या.

आता स्प्रिंग. दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. सगळं सामान, पाणी, टाकीभर डिझेल आणि माणसं आत बसवून फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. मग सामान उतरवून, फक्त चालक ठेवून परत काटा करा. समजा रिकामी ८०० किलो आली आणि भरलेली १,०००. अ‍ॅक्सल आणि चाकांचं वजन स्प्रिंगवर येत नाही, त्याचे दीडशे किलो दोन्हींतून वजा करा. उरले ६५० आणि ८५०, म्हणजे भार १.३ पट झाला. स्प्रिंगचा कडकपणाही तेवढाच, १.३ पट वाढवायचा. मूळ स्प्रिंग मिलिमीटरला ३ किलोचा असेल (म्हणजे एक मिमी दबायला ३ किलो भार लागत असेल) तर ४ च्या आसपासचा घ्या. ६ चा घेतलात तर तंबू-सामान उतरवल्यावर मागचा भाग उड्या मारेल आणि चढावर चाक जमीन सोडेल.

दुकानदाराला हाच आकडा विचारा: मिलिमीटरला किती किलो? 'मीडियम', 'हेवी', 'एक्स्पिडिशन' ही उत्तरं नाहीत. आकडा सांगता आला नाही तर व्हर्नियर घेऊन स्वतः मोजा. तारेची मिलिमीटरमधली जाडी चार वेळा मांडून एकमेकींशी गुणा (जाडी × जाडी × जाडी × जाडी), त्याला ७९,००० ने गुणा. मग वेढ्याचा व्यास (बाहेरून बाहेर मोजून त्यातून एक तारजाडी वजा) तसाच तीन वेळा मांडून गुणा (व्यास × व्यास × व्यास), त्याला ८ ने आणि मोकळ्या वेढ्यांच्या (टोकाचे टेकलेले सोडून) संख्येने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, मग ९.८ ने भागा. १४ मिमी तार, ११५ मिमी व्यास, ८ वेढे यांचं उत्तर येतं ३.२ च्या आसपास. तार १४ ऐवजी १५ मिमी असली तर कडकपणा तब्बल ३२ टक्के वाढतो, आणि एक मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

उंची यानंतर ठरते. भरलेल्या ८५० किलोतले ४२५ एका बाजूला. ४ च्या स्प्रिंगवर ते १०६ मिमी दबतात. गाडी भरलेली असताना स्प्रिंगची लांबी जेवढी हवी, त्यात हे १०६ मिळवा. स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी तेवढी हवी. रिकाम्या गाडीवर 'दोन इंच' मिळाले, याला काडीची किंमत नाही.

स्पेसर (स्प्रिंगच्या टोकाला घालायची जाड चकती) तर घेऊच नका. त्याने गाडी वर येते, कडकपणा तसूभर वाढत नाही, आणि पूर्ण दाबात बंप स्टॉपच्या आधी स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसू शकतात. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (काही वेढे जवळजवळ असलेला, दबेल तसा कडक होणारा) रोजच्या शहरी गाडीला ठीक. कायम भार असला की त्याचे जवळचे वेढे आधीच मिटलेले असतात, मग पैसे कसले दिले?

कॉइलमध्ये बसणारे हवेचे फुगे मात्र चांगले आहेत, भार कधी असतो कधी नसतो अशांसाठी. फक्त बातलनंतरची कुंझुम खिंड ४,५०० मीटरच्या वर आहे हे विसरू नका. पुण्यात भरलेल्या फुग्याचा दाब तिथे पाचेक पीएसआयने जास्त दिसतो, थंडीने त्यातला काही भाग उतरतो. मनालीत दाब नव्याने लावा आणि बातलला पुन्हा तपासा. टायरचंही तसंच.

बोलेरो, जिप्सी यांसारख्या पाट्यांच्या गाड्यांना पाच पाट्यांत सहावा घातला की कडकपणा साधारण वीस टक्के वाढतो. सगळे पाटे ६ ऐवजी ७ मिमीचे केले तर दीडपटीच्याही वर जातो, आणि ते जास्त होतं. पाटे तुटतात ते बहुधा सेंटर बोल्टपाशी, आणि कारण असतं ढिला यू-बोल्ट. पाटे खोललेत तर यू-बोल्ट नवेच घाला, पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

बसवताना एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकवतात. मागच्या आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला आडवा हलू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना घट्ट करतात. बुश (जोडातलं रबर) पिळलेल्या स्थितीत अडकतो आणि लवकर फाटतो. गाडी चारही चाकांवर उभी करून मगच शेवटचं आवळायला लावा, समोर उभे राहून. उंची वाढली की पॅनहार्डमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, दोन्ही बाजूंचं टायर ते बॉडी अंतर मोजा. लटकत्या चाकाला ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही पाहा. मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत उंची वाढली तर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात, त्याची दांडी जुळवून घ्या. आणि कडक स्प्रिंगला जुना शॉकअप ठेवलात तर सगळा खर्च पाण्यात.

स्प्रिंग बदलला म्हणून आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर तेच आहेत.

म्हणून आधी सामान काढा. मागच्या दारावर चाकाच्या जोडीला कॅन आणि रॅक लटकवणं सगळ्यात वाईट: थारचा व्हीलबेस २,४५० मिमी, अ‍ॅक्सलच्या ८०० मिमी मागे ६० किलो टांगले तर मागे जवळपास ८० पडतात आणि पुढचे २० उचलले जातात. २० लिटर डिझेल म्हणजे १७ किलो, वर कॅनचं वजन. मनाली ते काझा दोनशे किलोमीटर आहे आणि काझात पंप आहे. डिझेल गाडीला एक कॅन पुरे, तोही सीटच्या मागे खाली, पट्ट्याने आवळून. छतावर पाणी तर अजिबात नको.

लोसरनंतर काझा, की, ताबो सगळं सुंदर आहे, तिथे स्प्रिंगबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सोबत (पाट्यांची गाडी असेल तर) दोन यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, शिवाय रॅचेट पट्टा आणि बंप स्टॉपच्या जागी बसेल असा लाकडी ठोकळा ठेवा. पाटा तुटला तर तुकडे क्लॅम्पने आवळा, ठोकळा अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये पट्ट्याने बांधा, मागचं सामान दुसऱ्या गाडीत टाका आणि दहाच्या वेगाने चला. कॉइल बहुधा टोकाच्या वेढ्याशी तुटतो. गाडी चालते, पण तुटलेलं टोक टायरला लागत नाही ना, हे दर काही किलोमीटरला उतरून पाहा. नवा कॉइल काझात मिळेल या भरवशावर निघू नका.