बाळ काचेत होतं, मग तू तिथे काय करायचीस?

हे मला बारशाला आलेल्या बायकांनी विचारलं, ऑफिसात विचारलं, परवा लिफ्टमध्येपण विचारलं. कुणाच्या मनात वाईट नसतं हो, लोकांना खरंच वाटतं की औषधं सिस्टर देतात, राउंड डॉक्टर घेतात, मग आई ५८ दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसून नुसती रडत असणार. रडले की, पण तेवढा वेळ कुठे होता!

लेक २९ व्या आठवड्यात झाला, १०६० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात वजन ९६० वर आलं, हे असं होतंच म्हणे, पण आपलं पोर हजाराच्या खाली गेलं की 'होतंच' वगैरे डोक्यात शिरत नाही. रोज आत जाताना अंगठी, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. डोहाळजेवण चारच दिवसांपूर्वी झालेलं, हिरव्या बांगड्या सुजलेल्या हातातून निघेनात, मग साबण लावून मावशींनी एकेक काढल्या आणि पेपरात गुंडाळून माझ्या पर्समध्ये टाकल्या.

मग दूध काढणं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिले तीन दिवस वाटीच्या तळाला थेंब, तेवढ्यात मिल्क बँकेचं दूध द्यायचं ठरलं तर सासूबाईंचा चेहराच उतरला, परक्या बाईचं दूध? सिस्टरनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आजी, सायन हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे, दूध तपासून, तापवून मगच देतात. सासूबाई गप्प बसल्या, पटलं की नाही देव जाणे.

दूध तरी किती, तर दर दोन तासांनी २ मिली. तोंडातून पोटात नळी, तिला दट्ट्या काढलेली सिरिंज लावायची, दूध ओतायचं आणि सिरिंज नुसती वर धरायची, आपोआप उतरतं. हात वर गेला की भरभर उतरतं, खाली आला की थांबतं. बाराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, घे, तू धर. बारशाचा दिवस होता तो, नाव-बिव काही नव्हतं, फाइलवर नुसतं 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. हात इतका थरथरत होता की दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

तो श्वास घ्यायलाच विसरायचा. त्यासाठी कॅफीन चालू होतं, हो, कॉफीतलंच, तेव्हा मला विचित्र हसू आलेलं. तरी अलार्म वाजायचा, ऑक्सिजनचा आकडा ८५, ७८, सिस्टर शांतपणे तळव्याला टिचकी मारायच्या की गडी परत सुरू. मी मॉनिटरकडेच बघत बसायचे तर त्या ओरडायच्या, आकडे काय बघतेस, बाळाचा रंग बघ.

सहाव्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून घरी सासूबाईंनी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. इकडे सिस्टर दर तासाला चार्टवर लिहीत होत्या, नाडी, श्वास, लघवी किती. मला मेलीला तोच कागद खरा वाटत होता.

चौथ्या आठवड्यात आरओपीसाठी, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी, डोळे तपासले, ते मी बघू शकले नाही, बाहेर गेले. त्याच आठवड्यात कांगारू केअर सुरू झाली. १९७० च्या दशकाअखेर कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली, हे मला नंतर कळलं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आपल्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापड बांधायचं, कमीत कमी तासभर. पहिल्या दिवशी मला शिंक आली आणि मी ती अक्षरशः गिळली. नंतर नवऱ्यानेही केलं, त्याच्या छातीवरचे केस मुठीत धरून झोपायचा पठ्ठ्या.

दुपारी साडेबाराला वॉचमनकडे डबा यायचा, शेजारच्या काकूंचा. भाकरी, मेथी, कधी अळिवाचा लाडू. रोज. मी रिकामा डबा न घासताच परत पाठवायचे आणि वजन किती वाढलं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, डिस्चार्जच्या दिवशीसुद्धा नुसतं म्हणाल्या, उद्यापासून डबा वरतीच आणून देते गं.