ताईच्या कागदावरचा ‘नॉर्मल’

सोमवार, रात्री उशिरा

बाळंतपणानंतर मन खचलेल्या ताईचा रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड, प्रोजेस्टेरॉन, सगळ्यापुढे ‘नॉर्मल’. कागद घडी घालून तिने उशीखाली ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे मीच कमी पडतेय.”

दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे. आई जे म्हणाली ते आज लिहायचं नाही.

ते रक्त दंडातल्या शिरेतलं. मेंदूत काय चाललंय ते त्यातून कसं कळणार? १९८१मध्ये पॅरिसला एतिएन-एमिल बोलिए यांच्या गटाने नर उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषणं, म्हणजे शरीरात स्टेरॉइड हार्मोन बनवणारे अवयव, काढून टाकली. तरी मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टेरॉइड शिल्लकच होतं. मेंदू स्वतःचे स्टेरॉइड स्वतः करतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

कच्चा माल कोलेस्टेरॉल, तोही मेंदू स्वतःच बनवतो. ते मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) आतल्या पटलापर्यंत पोचवणं ही सगळ्यात अडणारी पायरी. तिथे त्याची बाजूची साखळी तुटून प्रेग्नेनोलोन होतं, त्याचं प्रोजेस्टेरॉन. मग ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) आणि पुढचं आणखी एक मिळून अॅलोप्रेग्नॅनोलोन तयार करतात. हे चेतापेशीवरच्या गाबा-ए ग्राहीवर, म्हणजे पेशीला शांत करणारा संदेश घेणाऱ्या प्रथिनावर बसतं, क्लोराइड आत जास्त शिरतं आणि पेशी शांत राहते. यासाठी नॅनोमोलरइतकं, म्हणजे अगदी अत्यल्प प्रमाण पुरतं. ही शेवटची पायरी आपल्या नेहमीच्या रिपोर्टात नसतेच.

गरोदरपणात अॅलोप्रेग्नॅनोलोन खूप वाढलेलं असतं, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन मेंदूत शिरतं आणि तिथेही त्याचं हेच रूपांतर होतं. वार पडली की काही दिवसांत सगळं झपकन उतरतं. उतरतं सगळ्यांचंच. म्हणून कागदावर ‘नॉर्मल’ येणारच.

पण मग ताईलाच का?

२०००मध्ये ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी गरोदर नसलेल्या सोळा जणींना हार्मोन देऊन गरोदरपणासारखी पातळी आणली आणि नंतर ती एकदम बंद केली. आधी बाळंतपणानंतर नैराश्य येऊन गेलेल्या आठांपैकी पाच जणींचं मन पुन्हा खचलं. बाकीच्या आठांपैकी एकीचंही नाही. घसरण तीच, फरक ती सोसणाऱ्या मेंदूचा. गरोदर उंदरिणीच्या मेंदूत डेल्टा नावाचा घटक असलेले गाबा ग्राही कमी होतात आणि व्यायल्यावर परत वाढतात. २००८मध्ये मॅग्वायर आणि मोदी यांनी दाखवलं की हा घटक नसलेल्या माद्या पिल्लांकडे नीट बघत नाहीत.

म्हणजे ताई कमी पडत नाहीये. हे मला माहीत होतं, आणि ती म्हणाली तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नाही. इतकं शिकून काय उपयोग, असं सगळी संध्याकाळ वाटत राहिलं.

आता जरा शांत वाटतंय. यावर औषधही निघालं आहे. अमेरिकेत २०१९मध्ये ब्रेक्सानोलोन मंजूर झालं. ते म्हणजे अॅलोप्रेग्नॅनोलोनच, शिरेतून सलग ६० तास द्यावं लागायचं आणि शुद्ध हरपू शकते म्हणून सतत लक्ष ठेवावं लागायचं. २०२३मध्ये झुरानोलोनची गोळी आली: रोज संध्याकाळी ५० मिलिग्रॅम, १४ दिवस. ती स्निग्ध जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. झोप इतकी येते की पुढचे १२ तास गाडी चालवायची नाही. आपल्याकडे डॉक्टर बहुधा नेहमीची नैराश्यावरची औषधंच देतील, आणि तीही लागू पडतात.

उद्या ताईकडे जायचं. रिपोर्टचा विषय काढायचा नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली बरोबर न्यायची: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण ३० गुण. तेरा किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ लगेच घ्यायची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही आलं तर बेरीज करत बसायचं नाही, त्याच दिवशी तिला घेऊन निघायचं. तोवर बाळाला मी सांभाळते, तिला सलग चार तास झोपू दे.