त्या कराराखाली तक्रार कुठे करायची?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून काढून टाकलेले काही सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवरचे कामगार, माझ्याकडे आले. कामगारांच्या बाजूने खटले चालवणाऱ्या वकिलाला अशी प्रकरणे नवी नसतात. त्यांनी युनियनचे फॉर्म भरल्याची खबर व्यवस्थापनापर्यंत पोचली आणि आठवड्याच्या आत शिस्तभंगाचे कारण दाखवणारी पत्रे त्यांच्या हातात पडली. ना चार्जशीट, ना चौकशी. मी नेमणूकपत्रे आणि पगाराच्या स्लिपा मागितल्या. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या गृहस्थांनी त्या दिल्याच, पण सोबत मोबाईलवर काढलेला एका खोक्यावरच्या लेबलचा फोटोही पुढे केला. माल स्वित्झर्लंडला जाणार होता.

“मॅडम, तिकडच्या चार देशांशी आपला व्यापार करार या महिन्यापासून लागू झालाय, आणि त्यात कामगारांच्या हक्कांवर एक प्रकरण आहे असं पेपरात आलंय. मग आम्हाला त्याखाली तक्रार करता येईल का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही अशिलाने विचारला नव्हता. मी कराराचा मजकूर संगणकावर उघडला आणि आम्ही तो एकत्र वाचायला बसलो. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी हा करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. त्यातल्या शाश्वत विकासाच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९८ च्या जाहीरनाम्याची आठवण ठेवलेली आहे आणि त्या जाहीरनाम्यात संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य पहिल्याच क्रमांकावर आहे. हे मी मराठीत सांगितले तेव्हा सगळे सावरून बसले.

पुढचे सांगणे जड गेले. या प्रकरणावरून मतभेद झाले तर सरकारांनी आपसात सल्लामसलत करायची. करारातली लवादाची यंत्रणा त्याला लागू होत नाही. कामगाराला किंवा युनियनला तिथे दारच ठेवलेले नाही. त्यातही संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा, हे श्रम संघटनेचे दोन्ही मूलभूत करार भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत.

याच करारात गुंतवणुकीचे प्रकरण कसे लिहिले आहे तेही मी त्यांना दाखवले. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख थेट रोजगार हे उद्दिष्ट तिथे आकड्यांत आहे आणि ते गाठले गेले नाही तर, चर्चेचे ठरलेले टप्पे पार पडल्यावर, भारताला आपण दिलेल्या जकात सवलती त्या प्रमाणात मागे घेण्याची मुभा आहे. म्हणजे वचन मोडल्यास काय करायचे हे लिहिता येते. पैशाच्या बाबतीत ते लिहिले गेले, माणसांच्या बाबतीत नाही. मला याचा मनापासून संताप येतो आणि तो मी त्या दिवशी लपवला नाही.

त्यांच्यातल्या एका तरुणाने विचारले, “असं दार कुठे आहे तरी का?” आहे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा व्यापार करार १ जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात एकेका कारखान्याविरुद्ध तक्रार करण्याची जलद व्यवस्था आहे. मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरातल्या ट्रायडोनेक्स या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याविरुद्ध अमेरिकी संघटनांनी तिथल्या कामगारांसाठी मे २०२१ मध्ये अर्ज केला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि कामावरून काढलेल्या १५४ कामगारांना थकलेला पगार व नुकसानभरपाई मिळून सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे ठरले. तीन महिन्यांत! आपल्याकडे तेवढ्यात कधीकधी नोटीसही बजावून होत नाही.

दाराची चौकट चुकीची बसवली तर काय होते, तेही मी सांगितले. अमेरिका आणि मध्य अमेरिकेतल्या देशांच्या व्यापार कराराखाली ग्वाटेमालातल्या कामगारांची तक्रार २००८ साली दाखल झाली आणि निकाल लागला २०१७ मध्ये. बडतर्फ कामगारांना परत घेण्याचे न्यायालयाचे आदेश तिथे पाळले गेले नाहीत हे लवादाने मान्य केले, तरीही त्याचा व्यापारावर परिणाम झाल्याचे करारातल्या शब्दांना पुरेल इतके सिद्ध झाले नाही म्हणून तक्रार फेटाळली गेली.

कामगार हक्कांच्या आडून श्रीमंत देश आपला माल अडवतील ही भारताची शंका जुनी आहे आणि ती निराधार नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेतही हा विषय श्रम संघटनेकडेच सोपवला गेला, तो विकसनशील देशांच्या विरोधामुळे. पण युनियनचा फॉर्म भरला म्हणून भोसरीत नोकरी जाते, तेव्हा त्या माणसाचे रक्षण करण्याने भारताचे कोणते नुकसान होते, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालच्या तक्रारीचा मसुदा तयार केला, कारण नव्वद दिवसांची मुदत धावत होती आणि आपले खरे दार तेव्हाही पुण्यातल्या शिवाजीनगरच्या कामगार न्यायालयाचेच होते. त्याच बैठकीत, त्यांच्या आग्रहावरून, वाणिज्य मंत्रालयाला पाठवायचे एक निवेदनही लिहिले. पुढच्या प्रत्येक व्यापार करारात कामगारांच्या प्रकरणाला लवादाची यंत्रणा लागू करावी आणि तक्रारीचा अधिकार युनियनला थेट मिळावा, एवढीच त्यात मागणी आहे. सह्या सगळ्यांनी केल्या; माझीही आहे.