बोडका डोंगर कुणाला म्हणायचं?

मुन्नारहून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले आणि पाच मिनिटांत आत्याचा मेसेज, "अगं किती बोडके डोंगर, झाडं तोडली का गं सगळी?" तेव्हा घाईत होते म्हणून नुसतं "नाही गं आत्या" एवढंच टाइप केलं, पण तो शब्द डोक्यातून जाईना, कारण चार वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणाले असते.

फोटो होते एराविकुलमचे. ९७ चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, १९७८ पासून, आणि त्यातच अनामुडी शिखर, २६९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजारभर मीटर जास्त. फॉरेस्टच्या बसने राजमलापर्यंत जायचं, पुढे डांबरी रस्त्याने पायी. वर पोचलं की दोन्ही बाजूंना गवत, नुसतं गवत, आणि डोंगराच्या घड्यांमध्ये, जिथून पाणी वाहतं तिथे तिथे, गच्च काळपट हिरवं बुटकं जंगल. ते जंगल म्हणजे शोला. गवत आणि शोला यांच्यामधली रेघ इतकी स्वच्छ की वाटतं कुणीतरी कात्रीने कापलंय, मध्ये झुडपं नाहीत, विरळ झाडं नाहीत, काही नाही.

ही रेघ का, ते मला जानेवारीतल्या त्या सकाळी कळलं. आम्ही राहिलो होतो तिथल्या उतारावर पहाटे गवत पांढरं पडलं होतं, हात लावला तर पाती कुरकुरीत, बोटं बधिर. दव गोठलेलं. आणि तिथून जेमतेम वीस पावलांवर शोलातल्या झाडांखाली जमीन ओली, मऊ, गोठण्याचा पत्ताच नाही. शोलातल्या झाडाचं बी उघड्यावर पडतं, रुजतंही, पण एवढुसं रोपटं अशा थंडीच्या रात्रीत करपून जातं. गवताचं तसं नाही, त्याचा जीव जमिनीखाली असतो, वरची पाती जळली की बुडातून परत फुटतं. हिवाळ्यातलं हिव, वारा, अधूनमधून लागणारी आग, सगळं मिळून ही रेघ राखतात.

आणि हे आजकालचं नाही. रामन सुकुमार या पर्यावरणशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीच्या डोंगरांतल्या दलदलीच्या मातीतला कार्बन तपासला होता (तो गवताचा की झाडांचा, हे त्यावरून ओळखता येतं), १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यातून दिसलं की हे गवत तिथे वीसेक हजार वर्षांपूर्वीही होतं. म्हणजे माणसाने झाडं तोडली म्हणून डोंगर बोडका झाला ही गोष्टच खोटी.

पण इंग्रजांना तो बोडकाच दिसला. मग निलगिरी म्हणून आपण ज्याला ओळखतो तो युकॅलिप्टस ऑस्ट्रेलियातून आला (झाडाला नाव आपल्या डोंगराचं, झाड मात्र परकं, हे मला फार लागतं), पाइन आला, आणि चामडं कमावायला साल हवी म्हणून वॅटल, बाभळीच्या कुळातलं झाड, आलं. स्वातंत्र्यानंतर आपणही तेच पुढे नेलं. तमिळनाडूतल्या पलनीच्या डोंगरात चार दशकांत दोन तृतीयांश गवत गेलं, ते असल्या झाडांच्या लागवडीखाली आणि शेतीखाली. वॅटल तर लावायचं थांबवलं तरी थांबत नाही, त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि आग लागली की हजारोंनी उगवतं. हेच काळं वॅटल दक्षिण आफ्रिकेच्या डोंगराळ गवतात घुसलंय, ते नदीचं पाणी पितं म्हणून तिथल्या सरकारने १९९५ पासून माणसं कामाला लावून अशी झाडं तोडायला घेतली. पाण्यासाठी झाडं तोडायची, हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

गणित मात्र सरळ आहे. गवताखालची माती काळी, स्पंजसारखी, पावसाळ्यात पाणी धरते आणि हळूहळू सोडते, गवत स्वतः पितं कमी. वॅटल बारा महिने पीत बसतं. केरळात पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या तीनच, त्यातली पांबार मुन्नारच्या याच डोंगरांतून निघते, पुढे अमरावतीला आणि शेवटी कावेरीला मिळते. खाली तमिळनाडूत शेत भिजवणाऱ्याला या गवताचं नावही माहीत नसेल.

रस्त्याच्या कडेला एक निलगिरी ताहर, म्हणजे डोंगरातली रानशेळी, तमिळमध्ये वरैयाडू, अगदी सात-आठ फुटांवर चरत होती. पिल्लू मागे. ती गवताचा शेंडा ओठांनी निवडून तोडायची, कर्र असा आवाज यायचा, मग मान वर करून दरीकडे बघायची. हे जनावर जंगलात राहत नाही, त्याला उघडं गवत आणि कडाच लागतो. गवत गेलं की ताहर गेली. नीलकुरिंजीही या उतारांवरचीच, बारा वर्षांनी फुलणारी, २०१८ ला फुलली, आता २०३०. आपली कारवी तिची बहीणच, सात-आठ वर्षांनी फुलते तीच.

आता माझं सांगते. पुण्यात आम्ही दर पावसाळ्यात टेकडीवर झाडं लावायचो, दोन वर्षं मी खड्डे घेतलेत, ग्लिरिसिडिया (तेही परकंच झाड) लावलाय, फोटो काढलेत. जिथे लावलं तिथे आधी गवत होतं, सोनकी होती, उन्हाळ्यात चंडोल वर उडत गायचे. आम्ही त्याला "मोकळी जागा" म्हणायचो. आज तिथे सावली आहे, खाली काहीच उगवत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मुन्नारजवळ पळथोट्टमला स्थानिक लोक वॅटल गेलेल्या उतारांवर गवताची रोपं हाताने लावतात, एकेक ठोंब. ते बघायला परत जायचंय. आणि या जूनमध्ये ग्रुपवर "चला झाडं लावूया" आलं की मी एवढंच विचारणार आहे, जागा कुठली, आणि तिथे आत्ता काय उगवतंय ते कुणी वाकून बघितलंय का.

आत्याला काल फोन करून हे सगळं सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे आमच्या गावच्या माळासारखंच की गं, तिथे पण आता सगळं लावून टाकलंय."