आमची वाटचाल : लांब यादीकडून पाच दुव्यांकडे

परदेशी भाषा शिकणाऱ्यांसाठी इंटरनेटवरचं मोफत साहित्य शोधायचं, तपासायचं आणि त्यांच्या हाती द्यायचं, एवढाच आमचा छोटा व्यवसाय. सुरुवातीच्या याद्या लांबलचक होत्या. भाषेचं नाव टाकून जे सापडेल ते आत. अशी यादी दिसते भारदस्त, पण शिकणारा चार दुवे उघडतो आणि कुठून सुरू करायचं ते न कळून बंद करतो. आता एका पातळीला पाचच गोष्टी देतो : एक मुख्य अभ्यासक्रम, एक शब्दकोश, ऐकण्यासाठी एक, वाक्यांचा एक साठा आणि उजळणीचं एक साधन.

जर्मनला निवड सोपी. जर्मन प्रसारणसंस्था डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा अभ्यासक्रम ए1 (अगदी सुरुवातीची पातळी) पासून बी1 (मधली पातळी) पर्यंत सलग नेतो. फ्रेंचमध्ये आरएफआय या फ्रेंच रेडिओचं ‘सोप्या फ्रेंचमधलं’ बातमीपत्र चांगलं, पण नावावर जाऊ नका, बी1 च्या आधी ते डोक्यावरून जातं. अमेरिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचे जुने कोर्स सरकारी असल्यामुळे स्वामित्वहक्काच्या कटकटीशिवाय वाटता येतात. वाक्यरचना घोटून घ्यायला ते उत्तमच; मात्र शब्द दूतावासातले आणि टेपला खरखर. याच संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला जपानीसाठी वर्गातले सुमारे 2200 तास लागतात, त्यामुळे ‘तीन महिन्यांत अस्खलित’ म्हणणारं पान आम्ही उघडतही नाही.

जपानीत आणखी एक सापळा आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची 2010 पासून अधिकृत शब्दयादी निघतच नाही. ‘एन3 ची अधिकृत यादी’ (एन3 ही तिची मधली पातळी) म्हणून जे फिरतं ते कुणीतरी जुन्या याद्या आणि प्रश्नपत्रिका पाहून बांधलेले अंदाज असतात. वापरा खुशाल, पण ‘अंदाजे’ असं लिहून.

दुवे तपासणारं सॉफ्टवेअर फक्त पान उघडतं की नाही एवढंच सांगतं. खरी अडचण वेगळीच. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, मुदत संपते, दुसरा कुणी ते विकत घेतो आणि क्रियापदांच्या तक्त्याच्या जागी जुगाराची जाहिरात येते. सॉफ्टवेअरच्या लेखी दुवा ठणठणीत! म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक पान डोळ्यांनी पाहतो, आणि यादीत घेतानाच त्याची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहावर जतन करतो.

सर्वात जास्त चुका होतात त्या अंकी या उजळणीच्या सॉफ्टवेअरच्या डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यात. शब्दांचा तक्ता टॅबने विभागलेल्या, यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची एक संकेतपद्धत) मजकुराच्या फाइलमध्येच ठेवावा; ही संकेतपद्धत म्हणजे एन्कोडिंग चुकलं की यूमलाउट (वर दोन टिंबं) असलेल्या जर्मन ‘उ’च्या जागी दोन भलतीच चिन्हं दिसतात. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. अंकी नोंद ओळखतं पहिल्या रकान्यावरून. जर्मन ‘डी बांक’ म्हणजे बसायचं बाकही आणि पैशांची बँकही. अनेकवचनं मात्र वेगळी, ‘बेंके’ आणि ‘बांकेन’. दोन्ही नोंदींच्या पहिल्या रकान्यात नुसता शब्द असेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये आयात करताना नंतरची नोंद आधीचीवर बसते, आणि बाक गुपचूप गायब. उपाय साधा : पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात अनेकवचनासह शब्द, तिसऱ्यात अर्थ, चौथ्यात वाक्य. डेक दुसऱ्याला देण्यासाठी निर्यात करताना पर्यायांतली वेळापत्रकाची खूण काढायची, नाहीतर आपल्या उजळणीच्या तारखा त्याच्या माथी जातात. ध्वनिफिती असतील तर मीडियाची खूण मात्र ठेवायची.

वाक्यं बहुधा ततोएबा या अनेक भाषांतल्या वाक्यांच्या संकेतस्थळावरची. तिथे कुणीही कुठल्याही भाषेत वाक्य लिहू शकतो, म्हणून ती भाषा मातृभाषा असलेल्या सदस्याचीच वाक्यं घेतो. बहुतेक मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, पण ध्वनिफितीचा परवाना बोलणाऱ्यागणिक वेगळा असतो आणि काहींना तो नसतोच. परवाना नसलेली फीत डेकमध्ये घालत नाही. त्या वाक्यापुढे ऐकण्याचा दुवा देतो.